प्रवाळाचं पंचांग

प्रवाळ पाहायला बेटावर कधी जायचं, हे आपल्याकडे शाळेची सुट्टी ठरवते. वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये संपते, आंबे संपायच्या आत गावी एक चक्कर होते आणि मग मे महिन्यातले आठ-दहा दिवस ‘कुठेतरी’ जायला मोकळे राहतात. आमच्याकडे लक्षद्वीपचा बेत निघाला तेव्हाही पहिल्या पाच मिनिटांत मे महिना मुक्रर झाला. जाणारे पाच जण: आम्ही दोघं, बारा वर्षांची मुलगी, सात वर्षांचा मुलगा आणि एकाहत्तर वर्षांचे माझे सासरे. त्यांना घरात सगळे आप्पा म्हणतात. डोळ्यांवर मास्क, तोंडात नळी आणि पाण्यावर पालथं तरंगत खालचे मासे बघायचे, म्हणजे स्नॉर्केलिंग करायचं, ही मुलांची मागणी. आप्पांचं म्हणणं एवढंच की मलाही दिसलं पाहिजे. चार वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयात दोन स्टेंट बसवले आहेत.

मी महाविद्यालयात भूशास्त्र शिकवते. खडकांबद्दल तासभर बोलू शकते, पण प्रवाळ हा खडक बांधणारा प्राणी आहे आणि प्राणी म्हटला की त्याला भूक, ताप, थकवा असतो. तिकिटं काढण्याआधी हे सगळं नीट वाचून काढावं असं ठरवलं आणि त्यात पाच-सहा महिने गेले. या वाचनातून एक गोष्ट स्पष्ट होत गेली. महिना कोणता, तिथी कोणती, दिवसाची वेळ कोणती, पाण्यात कोणी उतरायचं, अंगात काय घालायचं, जेवणात कोणता मासा मागायचा, या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्या प्रवाळभिंतीच्या चालीरीतींवरूनच काढावं लागतं. आपल्या सोयीने काढलेलं उत्तर बहुतेक वेळा चुकीचं असतं.

आधी जागा. लक्षद्वीप म्हणजे ३६ लहान बेटं आणि सगळ्यांची मिळून जमीन अवघी ३२ चौरस किलोमीटर. वस्ती दहा बेटांवर. आम्ही निवडलं ते अगत्ती, कोचीपासून सुमारे ४६० किलोमीटरवर. साडेसात किलोमीटरच्या आसपास लांबी आणि रुंदी अशी की बहुतेक ठिकाणी दोन्ही बाजूंचा समुद्र ऐकू यावा. इथे धावपट्टी आहे, पण ती जेमतेम बाराशे मीटरची, म्हणून पंख्याची छोटी विमानंच उतरतात. कोचीहून जहाजानेही जाता येतं, पण चौदा ते अठरा तासांचा तो प्रवास आप्पांना नको, असं त्यांच्या डॉक्टरांनी सुचवलं.

ही बेटं आली कुठून, हे सांगितल्याशिवाय भूशास्त्राच्या माणसाला पुढे जाता येत नाही, वाचकांनी चालवून घ्यावं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूभाग आजच्या रियुनियन बेटाखालच्या तप्त उद्रेककेंद्रावरून सरकत होता. त्या केंद्रातून लाव्हाचे थरांवर थर बाहेर पडले आणि आपलं दख्खनचं पठार तयार झालं. पुण्याची वेताळ टेकडी, सह्याद्रीचे कडे, रायगडाचा काळा कातळ, सगळा त्याच लाव्हाचा. भूभाग उत्तरेकडे सरकत राहिला, उद्रेककेंद्र मात्र जागच्या जागी राहिलं आणि समुद्रतळावर ज्वालामुखींची एक रांग उमटत गेली. लक्षद्वीप, मालदीव, चागोस आणि शेवटी मॉरिशस, रियुनियन. रियुनियनचा ज्वालामुखी आजही धुमसतो. लक्षद्वीपखालच्या कवचाच्या तपशिलांवर शास्त्रज्ञांमध्ये मतभेद आहेत, पण ही रांग एकाच केंद्राने उमटवली हे बहुतेक जण मानतात. म्हणजे ज्या आगीने सिंहगड घडवला तिच्याच पुढच्या ठिणग्यांवर अगत्तीचा पाया आहे. आमच्या मुलीला हे इतकं आवडलं की तिने शाळेत प्रकल्प म्हणून तेच घेतलं.

ज्वालामुखी थंड झाला की त्याचा तळ हळूहळू खचतो. त्याच्या काठाने उथळ पाण्यात वाढणारा प्रवाळ मात्र प्रकाशासाठी वर वर बांधत राहतो. डोंगर बुडतो, त्याच्याभोवतीचं कडं तेवढं उरतं. शाळेच्या भूगोलात आपण त्याला कंकणद्वीप म्हणायचो. ही कल्पना चार्ल्स डार्विनने १८४२ च्या आपल्या पुस्तकात मांडली. ती सिद्ध व्हायला एकशे दहा वर्षं लागली. १९५२ मध्ये प्रशांत महासागरातल्या एनिवेटॉक बेटावर खोल छिद्र पाडलं, तेव्हा बाराशे मीटरहून अधिक जाडीच्या प्रवाळी चुनखडीखाली अखेर काळा बेसॉल्ट लागला.

आता हे सहलीच्या कामाचं कसं, ते सांगते. लक्षद्वीपच्या बहुतेक कंकणांमध्ये बेट असतं पूर्वेच्या काठावर आणि उथळ, शांत पाण्याचं लगून असतं पश्चिमेला. लगूनच्या पलीकडे पश्चिमेची प्रवाळभिंत. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या लाटा त्या भिंतीवर आपटून फुटतात आणि आत येईपर्यंत त्यांचा जोर संपलेला असतो. पूर्वेच्या बाजूला मात्र किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर तळ एकदम खोल जातो. नकाशात दोन्ही बाजूंना सारखीच निळाई दिसते. मुलांना घेऊन पाण्यात उतरायचं ते पश्चिमेलाच, आणि तिथेही भिंतीतल्या ज्या फटीतून बोटी आत-बाहेर करतात तिच्यापासून लांब. ओहोटीला सगळं लगून त्या फटीतून रिकामं होत असतं आणि तिथली ओढ चांगल्या पोहणाऱ्यालाही बाहेर नेते.

त्या किनाऱ्यावरची पांढरी वाळू म्हणजे दगडाचा चुरा नव्हे. प्रवाळ, शिंपले, चुनखडी शैवाल यांचा तो भुगा आहे आणि त्यात मोठा वाटा पोपटमाशाचा. हा मासा चोचीने प्रवाळ खरवडतो, त्यावरचं शैवाल पचवतो आणि चुना वाळू करून मागे सोडतो. मालदीवमधल्या वक्करू बेटाभोवती झालेल्या अभ्यासात नव्याने तयार होणाऱ्या वाळूपैकी ८५ टक्क्यांहून अधिक वाळू पोपटमाशांची निघाली. धाकट्याला हे कळल्यापासून त्याने किल्ला कशाचा बांधायचा आहे हे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगून झालं आहे.

आता मे महिना.

प्रवाळाच्या अंगात एकपेशीय शैवाल राहतं. प्रवाळ त्याला आसरा देतो आणि ते उन्हात साखर तयार करून प्रवाळाला देतं. काही जातींच्या अन्नापैकी नव्वद टक्क्यांपर्यंत वाटा या भाडेकरूचा असतो. प्रवाळाचा रंगही बहुतांशी त्याचाच. पाणी नेहमीच्या कमाल उन्हाळी तापमानापेक्षा एखाद अंशाने जास्त तापलं आणि तसंच काही आठवडे राहिलं, तर हा संसार बिघडतो. शैवाल घातक रसायनं सोडू लागतं, प्रवाळ त्याला बाहेर काढतो आणि पातळ कातडीतून खालचा चुन्याचा सांगाडा पांढराफेक दिसू लागतो. यालाच विरंजन म्हणतात. पांढरा पडलेला प्रवाळ मेलेला नसतो, उपाशी असतो. पाणी वेळेत निवलं तर शैवाल परत येतं. नाही निवलं तर प्रवाळ मरतो आणि सांगाड्यावर हिरवट-तपकिरी बुरा चढतो.

शास्त्रज्ञ हा ताप मोजतात तो अंश आणि आठवडे यांच्या गुणाकाराने. एक अंश जास्त तापमान चार आठवडे राहिलं की मोजमाप चार होतं आणि विरंजनाची शक्यता सुरू होते. आठ झालं की मोठ्या प्रमाणावर मृत्यू होऊ शकतात. लक्षद्वीपचा समुद्र सर्वांत तापतो तो एप्रिल आणि मे महिन्यांत. म्हणजे आम्ही जो महिना मुक्रर केला होता तो प्रवाळाच्या तापाचा महिना. १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ अशा चार वर्षी तिथे मोठं विरंजन झालं. २०२४ चं तर जगभरातलं चौथं विरंजन म्हणून त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये जाहीर झालं आणि केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या पाहणीत लक्षद्वीपच्या भिंती पांढऱ्या पडलेल्या आढळल्या. २०२३ च्या ऑक्टोबर अखेरपासूनच तिथे समुद्री उष्णतेची लाट होती.

नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशन या संस्थेचे संशोधक अगत्ती, कदमत आणि कवरत्ती या तीन बेटांच्या भिंती १९९८ पासून मोजत आहेत. रोहन आर्थर हे त्यातलं प्रमुख नाव. १९९८ मध्ये तिथे जिवंत प्रवाळाचं आच्छादन ३७ टक्क्यांच्या आसपास होतं, २०२२ मध्ये ते २० टक्क्यांच्या आत आलं. चोवीस वर्षांत जवळपास निम्मं. त्यांचं दुसरं निरीक्षण मला अधिक महत्त्वाचं वाटतं. दर विरंजनानंतर भिंत सावरायला लागते, पण सावरण्याचा वेग खरा वाढतो तो सलग सहा वर्षं उसंत मिळाल्यावर. वरची साल पुन्हा पाहा: बारा वर्षं, सहा वर्षं, आठ वर्षं. शिवाय २०२२ च्या मोजणीनंतर २०२४ येऊन गेलं.

हे आकडे जेवणाच्या टेबलावर मांडले तेव्हा मुलीने विचारलं, “मग बघायला काय उरलंय?” प्रश्न रास्त होता आणि सगळा बेत त्यावर अडला. भिंत आजारी असताना आपण पाहुणे म्हणून जावं का? शिवाय विमानाने जाऊन त्याच तापात आपली फुंकर घालावी का? माझ्या नवऱ्याचं मत ‘जाऊ नये’ असं होतं. आप्पा म्हणाले, “आजारी माणसाला भेटायला जातोच की आपण. फक्त तिथे जाऊन गोंधळ घालत नाही.” बेत टिकला तो या वाक्यावर. मात्र मुलांना आधीच सांगून ठेवलं आहे की जाहिरातींमधला जांभळा-गुलाबी बगीचा तिथे नसेल. निरोगी प्रवाळही बहुधा मातकट, शेवाळी, तपकिरीच असतो, कारण तो रंग शैवालाचा. त्यांना तीन अवस्था ओळखायला शिकवल्या आहेत: तपकिरी म्हणजे ठीक, चुन्यासारखा पांढरा म्हणजे उपाशी, बुरा चढलेला म्हणजे गेलेला. शिवाय सगळीच भिंत सारखी नाही. १९९८ नंतरच्या अभ्यासात लाटांचा मार खाणाऱ्या पश्चिमेच्या भिंती लवकर सावरलेल्या आणि पूर्वेच्या मागे राहिलेल्या दिसल्या. म्हणजे एकाच बेटावर दोन्ही पाहता येईल.

मे महिना बाद झाला. त्याला इतरही कारणं होती. मेच्या मध्यापासून समुद्र खवळू लागतो. २०२१ च्या मेमध्ये तौक्ते वादळ लक्षद्वीपजवळूनच वर आपल्या किनाऱ्याकडे आलं होतं. आणि वादळ नसतानाही एप्रिल-मेमध्ये आणखी एक प्रकार घडतो, त्याला मल्याळममध्ये कल्लक्कडल म्हणतात, म्हणजे चोर समुद्र. दूर दक्षिण महासागरात वादळ होतं, त्याच्या लांबलचक लाटा काही दिवस प्रवास करून इथे येतात आणि वर आभाळ स्वच्छ, वारा पडलेला असताना किनारा गिळतात. हैदराबादची इन्कॉइस संस्था त्याचा इशारा देते. तीच संस्था भरती-ओहोटीचे अंदाज आणि विरंजनाचे इशारेही देते, आणि हवामान पाहावं तसं तिचं पान मी आता रोज पाहते.

मग दिवाळीची सुट्टी? पाणी तेव्हा निवलेलं असतं, पण ऑक्टोबर ते डिसेंबरचा काळ चक्रीवादळांचाही. २०१७ च्या डिसेंबरच्या सुरुवातीला ओखी वादळाने मिनिकॉय आणि कल्पेनीला झोडपलं होतं. नाताळात खोल्या मिळत नाहीत. राहिले जानेवारी अखेर ते मार्च: वारा मंद, पाणी नितळ, तापमान आटोक्यात. यातले कोणते पाच दिवस, हे मात्र आम्ही कालनिर्णय समोर ठेवून ठरवलं.

कोकणातल्या माणसाला हे नवं नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग. उधाणाला पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, म्हणजे मधल्या वेळात प्रवाहही जोराचा. भांगाला सगळंच बेताचं. लक्षद्वीपला भरती-ओहोटीतला फरक मुंबईच्या मानाने फारच कमी, दीड मीटरच्या आतबाहेर. पण जिथे प्रवाळाच्या माथ्यावर पाणीच कमरेएवढं, तिथे एक फूटही पुष्कळ होतो. उधाणाच्या ओहोटीला पोट प्रवाळावर घासतं. त्यात आपल्याला खरचटतं आणि प्रवाळाचीही कातडी निघते. म्हणून अष्टमीच्या आगेमागचे दिवस. पुढच्या रथसप्तमीपासून पाच दिवस, असं ठरलं. शाळा बुडेल ती बुडेल.

तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हा आपल्या किनाऱ्याचा हिशेब आप्पांना तोंडपाठ आहे. अष्टमीला आठाचे पाऊण सहा, म्हणून सकाळ-संध्याकाळ सहाला भरती. हा हिशेब लक्षद्वीपला लावू नये. भरतीची वेळ जागेप्रमाणे बदलते, तिथलं कोष्टकच पाहायला हवं. पाण्यात उतरायचं ते भरतीच्या शेवटच्या दोन तासांत, कारण तेव्हा भिंतीवरून बाहेरचं स्वच्छ पाणी आत येत असतं. ओहोटीला लगूनमधलं वाळूने गढूळलेलं पाणी बाहेर जातं आणि दिसतही कमी. त्यातही ऊन वर आलेलं असावं. पाणी लाल रंग सर्वांत आधी शोषून घेतं. पाच मीटरवर गेलं की लाल मासाही करडा दिसू लागतो. त्यामुळे एक-दोन मीटर पाण्यावर तरंगणाऱ्याला जे रंग दिसतात ते खोल बुडी मारणाऱ्याला दिव्याशिवाय दिसत नाहीत. स्नॉर्केलिंग म्हणजे गरिबाचं स्कूबा, असं समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

आता माणसं. नळी फूट-सव्वा फुटाची का असते, मीटरभर लांब का नाही, हा धाकट्याचा प्रश्न. एक मीटर पाण्याखाली छातीच्या दर चौरस सेंटीमीटरवर शंभर ग्रॅमचा जादा भार पडतो. बाहेरची हवा साध्या दाबाची, आत ओढणारी छाती दाबाखाली. फुप्फुसं फुगतच नाहीत. शिवाय नळी जितकी लांब तितकी आपलीच सोडलेली हवा पुन्हा आत येते. लहान नळीतही हा प्रकार थोडा असतोच, म्हणून श्वास उथळ नको, सावकाश आणि खोल हवा. पूर्ण चेहरा झाकणारे नवे मास्क मी घेतले नाहीत. स्वस्त मास्कमध्ये सोडलेली हवा आतच घुटमळू शकते आणि घाबरलेल्या मुलाला तो झटक्यात काढता येत नाही. साधा मास्क घेताना पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवून नाकाने हवा ओढायची; हात सोडल्यावरही चिकटून राहिला तर माप बरोबर. आप्पांसाठी नंबरच्या काचेचा मास्क मिळतो, हे कळल्यावर घरात आनंद झाला.

तो आनंद फार टिकला नाही. हवाई बेटांवर पर्यटकांच्या बुडून होणाऱ्या मृत्यूंचं सर्वांत मोठं कारण स्नॉर्केलिंग आहे. तिथल्या डॉक्टरांनी आणि अभ्यासकांनी या घटना तपासल्या, तेव्हा पुष्कळ जण पाणी नाकातोंडात जाऊन, धडपडून बुडालेले नव्हते. शांत पाण्यात, कधी पाय टेकतील एवढ्या पाण्यातही, दम लागला, अंगातलं बळ गेलं, संपलं. त्यांचा कयास असा: नळीतून हवा ओढायला जोर लावावा लागतो, त्याने फुप्फुसांत ओढ निर्माण होते आणि रक्तातला द्रव फुप्फुसांत झिरपतो. माणूस पाण्यात गळ्यापर्यंत बुडला की पायांतलं अर्धा-पाऊण लिटर रक्त छातीकडे सरकतं, हे शरीरशास्त्राला आधीपासून ठाऊक आहे. निरोगी हृदय ते निभावतं. आधीच दुखावलेलं हृदय, अरुंद नळी आणि नवखेपणाची धडपड एकत्र आली तर धोका वाढतो. लांबच्या विमानप्रवासानंतर लगेच पाण्यात उतरणं टाळावं, असंही त्यातल्या काहींचं म्हणणं.

मी हे सगळं छापून आप्पांच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी शांतपणे वाचलं आणि सांगितलं: नळी नको. कमरेपर्यंतच्या पाण्यात, कुणीतरी शेजारी असताना, वीस मिनिटं उभं राहायला हरकत नाही. आप्पा परत येताना गाडीत काही बोलले नाहीत. माणसाला म्हातारपण कळतं ते अशा छोट्या ‘नको’मधून, आणि त्यावर सुनेने काय बोलायचं? अगत्तीला काचेच्या तळाच्या बोटी आहेत, त्यातून बसल्या जागी प्रवाळ दिसतो, हे मी सांगितलं. ते “बरं” म्हणाले. तो ‘बरं’ मला नीट ओळखता येतो.

मुलांचं सोपं आहे. महापालिकेच्या तलावावर रोज अर्धा तास: नळीत पाणी शिरलं की पिचकारीसारखं जोरात फुंकून काढायचं, पाय सायकलसारखे न मारता मांडीपासून हलवायचे, उभं राहायचंच नाही. हे शेवटचं प्रवाळासाठी. फांद्यांसारखा प्रवाळ वर्षाला दहा सेंटीमीटरपर्यंत वाढतो. गोल, धोंड्यासारखा वाढतो वर्षाला जेमतेम एक सेंटीमीटर. म्हणजे गुडघ्याच्या वर येणारा धोंडा साधारण आप्पांच्या वयाचा. त्यावर उभं राहायचं नाही हे मुलांना एकदाच सांगावं लागलं. देवदिवाळीच्या सुमारास मालवणला दोन दिवस सराव करणार आहोत. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या पाण्यातही प्रवाळ आहे. पाणी लक्षद्वीपइतकं नितळ नसतं, पण सरावाला गढूळ पाणी बरं.

उन्हाच्या मलमाचा प्रश्न मुलीने काढला. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही दोन रसायनं असलेल्या मलमांच्या विक्रीवर हवाईने १ जानेवारी २०२१ पासून बंदी घातली, पलाऊनेही घातक मलमं बंद केली. प्रयोगशाळेत या रसायनांनी प्रवाळाच्या पिल्लांना इजा होते हे दिसलं आहे. उघड्या समुद्रात त्यांचं प्रमाण तेवढं असतं का, याबद्दल वाद आहे. माझं मत विचाराल तर तापमानापुढे ही बाब छोटी आहे. पण लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा घातला की वादच मिटतो, पाठही भाजत नाही. पाठ भाजते हे पालथं तरंगणाऱ्याला संध्याकाळीच कळतं.

जेवणाचं मात्र छोटं नाही. लक्षद्वीपचे कोळी पिढ्यान्‌पिढ्या भिंतीबाहेरच्या खोल समुद्रात गळाने एकेक ट्यूना पकडतात. आपला कुपा, गेदर त्याच कुळातले. आमिषाचे लहान मासे लगूनमधले, पण मुख्य शिकार बाहेरची. त्यामुळे भिंतीवरच्या माशांवर ताण कमी राहिला, आणि या बेटांच्या भिंती तापानंतर सावरत आल्या त्याचं हे एक कारण आहे, असं आर्थर आणि त्यांचे सहकारी सांगत आले आहेत. पोपटमासा, हेकरू असे भिंतीवरचे मासे बाजारासाठी पकडणं अलीकडे वाढलं आहे. शैवाल खाणारा मासा गेला की मेलेल्या प्रवाळावर शैवालच माजतं, नवीन प्रवाळाला बूड टेकायला जागा राहत नाही. म्हणून मागायचा तो ट्यूना. उन्हात वाळवलेल्या ट्यूनाची, म्हणजे मासमिनची चटणी मिळते ती आपल्या सुकटीच्या चटणीची बहीण आहे म्हणतात; आप्पांचा त्यावर डोळा आहे.

कासवं दिसतील. अगत्तीच्या लगूनमध्ये ती इतकी वाढली की एक वेगळाच पेच झाला. हिरवी कासवं समुद्री गवत खातात. नचिकेत केळकर आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात असं दिसलं की कासवांच्या दाटीमुळे अगत्तीची कुरणं फस्त होत गेली. गवताच्या आसऱ्याने वाढणारे मासे कमी झाले आणि कोळी कासवांवर चिडले. संरक्षित प्राणी वाढला म्हणजे सगळं चांगलंच झालं, असं समुद्रात नसतं. मुलांना कासवामागे पोहायचं नाही, आपण थांबायचं आणि त्याला जाऊ द्यायचं, एवढंच सांगितलं आहे.

उरलं ते कागदपत्रांचं. बेटाबाहेरच्या भारतीयालाही इथे प्रवेशाचा परवाना लागतो, १९६७ च्या नियमांपासून. राहण्याची सोय आधी पक्की करायची, मग ओळखपत्र, छायाचित्र, पोलीस पडताळणी. नियम बदलत असतात, त्या वेळचे पाहून घ्यावेत. घरी येताना प्रवाळाचा तुकडा, अगदी किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडासुद्धा, आणायचा नाही. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या रांगेत. आंघोळीचं पाणीही जपून. बेटाखाली पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर भिंगासारखं तरंगत असतं, उपसा जास्त झाला की ते खारट होतं. कवरत्तीला २००५ मध्ये आणि अगत्तीला २०११ मध्ये समुद्राचं पाणी गोडं करणारे प्रकल्प आले ते यासाठीच.

डॉक्टरांकडून आल्यानंतर आठवडाभराने आप्पांनी गच्चीवरून रंगाची वीस लिटरची रिकामी बादली खाली आणली. हयात एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेलेली. बादलीचा तळ गोल कापला, तिथे अॅक्रिलिकची जाड काच बसवली, कडेने सिलिकॉन भरलं, आतून काळा रंग दिला आणि दोन बाजूंना सायकलच्या मुठी लावल्या. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून ही बादली पाण्यावर टेकवायची आणि वरून डोकवायचं. लाटांची थरथर निघून जाते, तळ स्वच्छ दिसतो. नळी नाही, जोर नाही. इमारतीच्या पाण्याच्या टाकीत आम्ही ती तपासली. तळाशी ठेवलेल्या नाण्यावरचं साल आप्पांनी चष्म्यासह वाचून दाखवलं. आता काच न फुटता ती विमानातून न्यायची कशी, सामानात टाकायची की हातात धरायची, एवढंच ठरायचं बाकी आहे. धाकट्याचं म्हणणं, आत कपडे भरून हीच बॅग म्हणून न्यावी.